प्रसूती रजा, पितृत्व रजा आणि नवा कायदा: ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदार आई-बाबांसाठी टप्प्याटप्प्याने

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ने १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा घेतली आहे. रजेचे आठवडे मात्र बदललेले नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ झाले, ते २६ आजही आहेत. बदललं आहे ते मुख्यतः ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या, कलमांचे आकडे आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. त्यामुळे तुमच्या एचआरच्या फॉर्मवर अजून १९६१ च्या कायद्याचं नाव दिसलं तर घाबरू नका, पण अर्जात नव्या संहितेचं नाव जरूर लिहा.

हक्क बहुतेकांना ऐकून माहीत असतो. घोळ होतो तो तारखा, कागद आणि ‘कोणाकडे मागायचं’ यात. म्हणून खालचा क्रम त्याच वाटेने लावला आहे.

## १. आधी पाहा, तुम्हाला कोणता नियम लागू होतो

याचं उत्तर चुकलं तर पुढचे सगळे कागद चुकतात, म्हणून सुरुवात इथूनच.

खासगी नोकरी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जात नाही. ऐरोली-महापे-घणसोलीच्या आयटी पार्कांतले, घोडबंदर रोडवरच्या शाळा-शोरूम-दवाखान्यांतले बहुतेक जण इथे येतात. आस्थापनेत गेल्या १२ महिन्यांत कोणत्याही एका दिवशी १० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर मातृत्व लाभ, म्हणजे रजेच्या काळातले पैसे, मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. कारखान्याला तर हा नियम लागू आहेच.

खासगी नोकरी, ईएसआय कापली जाते. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००) असेल तर सॅलरी स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसेल. रबाळे, तुर्भे, तळोजा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतल्या आणि कंत्राटदारांकडच्या बऱ्याच महिला या गटात आहेत. त्यांना पैसे कंपनी देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. रजा कंपनीकडूनच, पैसे महामंडळाकडून.

राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित शाळा. इथे सेवा नियम चालतात. राज्य कर्मचाऱ्यांना १८० दिवस प्रसूती रजा आहे, शिवाय २०१८ पासून संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा. ती मूल १८ वर्षांचं होईपर्यंत घेता येते, पण एका वर्षात दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही.

केंद्र सरकार. आईला १८० दिवस, वडिलांना १५ दिवस, आणि बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत. त्यातले पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. ही रजा महिलांना आणि एकल वडिलांना मिळते.

घरकाम, शिलाई, भाजीविक्री, बांधकाम, स्वतःचा छोटा धंदा. मालकच नसेल तर पगारी रजा नाही. पण प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये (३,००० आणि २,०००) आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे नोंदणी होते. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी जिवंत असेल, म्हणजे नूतनीकरण चुकलेलं नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीला २०,००० रुपये, दोन जिवंत अपत्यांपर्यंत. नोंदणी नवऱ्याच्या नावावर असली तरी बायकोच्या बाळंतपणासाठी अर्ज करता येतो. साइटवर काम करणाऱ्या कितीतरी जोडप्यांना हे माहीतच नसतं. ओळखीत कोणी असेल तर आवर्जून सांगा.

कंत्राटी आहात? मग नेमणूकपत्रावर नाव कोणाचं आहे ते पाहा. बसता महाप्यातल्या मोठ्या कंपनीत, पगार देतो दुसराच. अशा वेळी अर्ज पगार देणाऱ्याकडे करा आणि प्रत ज्यांच्याकडे प्रत्यक्ष काम करता त्यांच्या एचआरला पाठवा.

## २. ८० दिवस मोजा

अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने तात्पुरतं बसवून ठेवलेले) दिवस यात धरले जातात. आधीच्या कंपनीतले दिवस धरले जात नाहीत.

उदाहरण घेऊ. ड्यू डेट १० ऑगस्ट २०२६. नवी नोकरी २ फेब्रुवारी २०२६ ला धरली. जूनच्या मध्यापर्यंत ८० दिवस आरामात भरतात. म्हणजे ‘तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात’ हे रजा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. कायद्यात प्रोबेशनची अटच नाही. ‘एक वर्ष पूर्ण झालेलं नाही’ हेही तसंच.

ठरावीक मुदतीच्या करारावर असाल आणि करार रजेच्या मधेच संपत असेल, तर ऑगस्ट २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा कविता यादव निकाल तुमच्या बाजूने आहे. करार संपला तरी एकदा लागू झालेला मातृत्व लाभ पुढे चालू राहतो, असं न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

## ३. रजेच्या तारखा कॅलेंडरवर मांडा

पहिल्या किंवा दुसऱ्या बाळासाठी एकूण २६ आठवडे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे ड्यू डेटच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे, त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ६.

इथे दोन गैरसमज फार चालतात. पहिला: ‘तिसऱ्या बाळाला काहीच मिळत नाही.’ खासगी नोकरीत १२ आठवडे मिळतात. दोन अपत्यांची मर्यादा सरकारी सेवा नियमांतली आहे, आणि तिच्याबद्दलही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात मातृत्व रजेला प्रजनन हक्कांचा भाग मानून तिच्या बाजूने निकाल दिला. दुसरा गैरसमज: ‘आमचं हे दुसरंच बाळंतपण, म्हणजे २६ आठवडे.’ पहिल्या खेपेला जुळी झाली असतील तर हयात मुलं दोन आहेत. कायदा हयात मुलं मोजतो, बाळंतपणं नाही.

आठवडे म्हणजे कॅलेंडरचे दिवस. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार, दिवाळी, गणपती सगळं धरून. आता वरच्याच ड्यू डेटवर मांडणी:

- लवकरात लवकर सुरुवात: सोमवार, १५ जून २०२६ (१० ऑगस्टच्या बरोबर ५६ दिवस आधी). शेवटचा दिवस १३ डिसेंबर, रुजू सोमवार १४ डिसेंबर २०२६.
- दोनच आठवडे आधी थांबायचं ठरवलं, म्हणजे २७ जुलैपासून: शेवटचा दिवस २४ जानेवारी, रुजू सोमवार २५ जानेवारी २०२७.

दुसऱ्या पर्यायात बाळासोबत सहा आठवडे जास्त मिळतात. पण रोज सकाळी ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून ठाण्याहून वाशी किंवा तुर्भे गाठायचं असेल, तर शेवटच्या महिन्यात ते किती झेपेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मधला मार्ग म्हणजे आठव्या महिन्यापासून घरून काम मागून घेणं, आणि रजा ड्यू डेटच्या जवळ सुरू करणं. फक्त ते घरून काम ‘रजा’ म्हणून नोंदलं जाणार नाही, याची ईमेलवर खात्री करून घ्या.

प्रसूतीनंतरचे ६ आठवडे मात्र तुम्ही स्वतः तयार असलात तरी काम करायचं नाही, आणि मालकानेही करून घ्यायचं नाही. ‘घरूनच दोन तास लॉगिन कर’ हेही त्यात आलं.

कारखान्यात उभ्याचं किंवा जड काम असेल तर आणखी एक हक्क आहे. ड्यू डेटच्या आधीच्या १० आठवड्यांत तुम्ही लेखी मागणी केलीत, तर फार वेळ उभं राहण्याचं किंवा कष्टाचं काम देता येत नाही. त्यापायी पगारही कापता येत नाही.

## ४. कागद गोळा करा

पाचव्या महिन्यापर्यंत एक फाइल तयार ठेवा, मूळ कागद आणि मोबाइलवर स्कॅन दोन्ही:

- ड्यू डेट लिहिलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह. नुसता सोनोग्राफीचा रिपोर्ट चालेलच असं नाही, कारण दर सोनोग्राफीत तारीख दोन-चार दिवस हलते. डॉक्टरांना एकच तारीख ठरवून लिहायला सांगा आणि सगळीकडे तीच वापरा.
- माता-बाल संरक्षण कार्ड (महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळतं. खासगीत दाखवत असाल तरी नोंदणी करून घ्या, मातृ वंदना योजनेला आणि लसीकरणाला लागतं)
- नेमणूकपत्र आणि कंपनीच्या रजाधोरणाची प्रत
- गेल्या चार महिन्यांच्या सॅलरी स्लिपा
- आधार आणि बँक पासबुक, दोन्हीकडे नाव सारखं
- ईएसआय असेल तर विमा क्रमांक

नावाची गोष्ट किरकोळ वाटते, पण पैसे अडकण्याचं हे मोठं कारण आहे. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर तिसरंच. लग्नानंतर नाव बदललं नसेल तर उत्तमच, आहे तेच सगळीकडे ठेवा. बदललं असेल तर आधार आणि बँक आधी जुळवा आणि हॉस्पिटलमध्ये नाव नोंदवताना आधार समोर ठेवूनच सांगा. बाळाच्या जन्मनोंदीत आईचं नाव तिथूनच जातं.

## ५. अर्ज द्या आणि पोच घ्या

बॉसला तोंडी सांगणं म्हणजे अर्ज नव्हे. ईमेल करा, एचआर आणि वरिष्ठ दोघांनाही, आणि एक प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवून ठेवा, कारण रजेवर गेल्यावर ऑफिसचा लॉगिन बंद झाल्याचे प्रकार घडतात. कारखान्यात असाल तर कागदी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती घ्या.

मजकूर असा ठेवता येईल:

> विषय: मातृत्व रजा व लाभाबाबत सूचना
>
> महोदय/महोदया,
> माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १० ऑगस्ट २०२६ आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार मी १५ जून २०२६ पासून २६ आठवड्यांची रजा घेत आहे. या काळात मी अन्य कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. मातृत्व लाभाची रक्कम माझ्या वेतन खात्यात जमा करावी. मला ती स्वीकारणं शक्य नसल्यास माझे पती श्री. ______ यांना द्यावी.
> कृपया रजेच्या तारखा, देय रकमेचा हिशोब आणि वैद्यकीय बोनस याबाबत लेखी कळवावं.

दुसऱ्या ठिकाणी काम करणार नाही, हे वाक्य आणि पैसे कोणाला द्यायचे हे वाक्य गाळू नका. कायद्याने सूचनेत तेच मागितलं आहे. आणि रजेच्या काळात फ्रीलान्स कामही घेऊ नका. लाभ गमावण्याचं ते थेट कारण आहे.

बाळ आधीच आलं आणि अर्ज राहिला तर? प्रसूतीनंतर लवकरात लवकर द्या. सूचना उशिरा दिली म्हणून हक्क संपत नाही.

## ६. पैशांचा हिशोब आधी मागून घ्या

नव्या संहितेत काळजीने पाहायची जागा हीच आहे.

रजेच्या आधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांसाठी मिळालेलं वेतन घेऊन सरासरी दिवसाचं वेतन काढतात, आणि त्या दराने रजेचे पैसे मिळतात. जुन्या कायद्यात ‘वेतन’ म्हणताना महागाई भत्ता, घरभाडे भत्ता यांसारखे रोख भत्ते स्पष्टपणे धरले होते. नव्या संहितेतल्या सामायिक व्याख्येत मूळ वेतन आणि महागाई भत्ता आहे, पण घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफ हिस्सा, ओव्हरटाइम, कमिशन या बाबी वगळलेल्यांच्या यादीत आहेत. त्याला एक आडकाठी घातली आहे: वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त झाली, तर वरची रक्कम परत वेतनात धरायची.

म्हणजे ज्यांच्या स्लिपवर मूळ वेतन लहान आणि घरभाडे मोठं, त्यांच्या रजेच्या हिशोबात फरक पडू शकतो. बहुतेक चांगल्या कंपन्या रजेतही नेहमीचाच पगार चालू ठेवतात, आणि कायदा त्यांना जास्त द्यायला कुठेच अडवत नाही. तरी ‘रजेत पूर्ण मासिक पगार चालू राहणार की सरासरी वेतनाने’ हा एक प्रश्न ईमेलवर विचाराच. उत्तर आल्याशिवाय घरचा खर्च आणि हप्ते ठरवू नका.

पैसे कधी मिळायला हवेत? प्रसूतीपूर्व काळाचे आगाऊ, गरोदरपणाचा दाखला दिल्यावर. उरलेल्या काळाचे, प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. प्रत्यक्षात कंपन्या महिन्याच्या पगारासारखेच देतात आणि बहुतेकींना तेच सोयीचं पडतं. पण ‘रुजू झाल्यावर एकरकमी देऊ’ हे मान्य करू नका. त्याला कायद्यात जागा नाही.

मालकाने प्रसूतीपूर्व आणि नंतरची मोफत वैद्यकीय सेवा दिली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही देय असतो. रक्कम छोटी, म्हणून मागायची राहून जाते. रजेचे पैसे पगार म्हणून करपात्र असतात, टीडीएस कापला जाईल.

ग्रुप मेडिक्लेम असेल तर बाळाचं नाव त्यात घालण्याची मुदत आत्ताच विचारून ठेवा. ती मुदत बाळंतपणाच्या धांदलीत निघून जाते, आणि बाळाला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावं लागलं तर खर्च मोठा असतो.

## ७. ईएसआय असेल तर वाट वेगळी

अट ८० दिवसांची नाही. लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचं अंशदान (ईएसआयचा हप्ता) भरलेलं हवं. हे कालावधी ठरलेले आहेत: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या १०० टक्के, २६ आठवडे. दोन किंवा जास्त हयात मुलं असतील तर १२.

नोकरी बदलली तरी ईएसआयचा विमा क्रमांक तोच राहतो आणि आधीच्या मालकाकडचं अंशदानही धरलं जातं. इथेच गोची होते: नवा कंत्राटदार जुना क्रमांक न विचारता नवा काढतो, आणि तुमचे ७० दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात. रुजू होतानाच जुना क्रमांक द्या. दोन झाले असतील तर महामंडळाच्या शाखा कार्यालयात एकत्र करायचा अर्ज करा, गरोदरपण कळल्याबरोबर, नवव्या महिन्यात नाही.

मधेच पगारवाढ होऊन वेतन २१,००० च्या वर गेलं तर चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच राहता. कंपनीने वाढीच्या महिन्यापासूनच कपात थांबवली असेल तर ते चूक आहे, दुरुस्त करून घ्या.

क्रम असा: दवाखान्यात गरोदरपणाची नोंद, मग अपेक्षित प्रसूतीचं प्रमाणपत्र, मग ईएसआयच्या पोर्टलवरून किंवा शाखा कार्यालयात दावा, बाळ झाल्यावर प्रसूतीचं प्रमाणपत्र. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला ईएसआय रुग्णालय आहे. बाळंतपण बाहेर खासगीत केलंत तरी रजेचे पैसे मिळतात, फक्त प्रमाणपत्रं वेळेवर दाखल करून घ्या. त्या काळात तुम्ही कामावर नव्हता याला मालकाची पुष्टी लागते, म्हणून हजेरीपटावर चुकून ‘हजर’ पडत नाही ना हे पाहा.

माहेरी जाणार असाल, साताऱ्याला, जळगावला, रत्नागिरीला, तर जाण्याआधी इथल्या ईएसआय दवाखान्यातून अपेक्षित प्रसूतीचं प्रमाणपत्र घेऊनच निघा.

## ८. बाळ झाल्यावर पहिले तीन आठवडे

जन्माची नोंद २१ दिवसांत. हॉस्पिटल माहिती पाठवतं, पण ती तपासायची तुम्ही. नोंद जन्म जिथे झाला तिथल्या संस्थेकडे होते, तुम्ही राहता तिथे नाही. राहता खारघरला आणि बाळ नेरुळच्या हॉस्पिटलात झालं, तर दाखला नवी मुंबई महापालिकेचा. राहता कोपरखैरण्याला आणि बाळ कामोठ्यात झालं, तर पनवेल महापालिकेचा. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा हे सगळं बोली भाषेत ‘नवी मुंबई’ असलं तरी महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. खिडकीवरून परत पाठवणी होण्याचं नेहमीचं कारण हेच.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच मुख्य कागद आहे. शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार नोंद सगळ्याला तोच. आई-बाबांच्या नावाचं स्पेलिंग आत्ताच नीट तपासा. बाळाचं नाव बारशानंतर घातलं तरी चालतं, त्याला घाई नाही.

एचआरला द्यायचे कागद: डिस्चार्ज कार्ड लगेच, जन्मदाखला मिळाल्यावर.

## ९. गर्भपात, मृत जन्म, आजारपण, दत्तक, सरोगसी

गर्भपात झाला, किंवा वैद्यकीय गर्भपात करावा लागला, तर त्या दिवसापासून ६ आठवडे पगारी रजा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं. कारण सविस्तर सांगण्याचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही. अनेकजणी हे ऑफिसात बोलायला नको म्हणून चार दिवस सिक लीव्ह टाकून कामावर येतात. शरीराला ती रजा लागते, घ्या.

गर्भपात म्हणजे २६ व्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर बाळ मृत जन्मलं तर ती प्रसूतीच. १९६१ च्या कायद्यापासून मृत जन्मलेलं मूलही ‘मूल’ या व्याख्येत आहे. अशा वेळी एचआरने ६ आठवड्यांचा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करू नका. कागदपत्रांचं काम घरातल्या दुसऱ्या कोणी तरी हातात घ्यावं.

गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण किंवा गर्भपात यामुळे आजारपण आलं तर वेगळा एक महिना पगारी. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला दोन आठवडे.

दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीने मूल झालेल्या आईला बाळ हातात दिल्यापासून १२ आठवडे. दत्तकाच्या बाबतीत संहितेच्या मजकुरात बाळ तीन महिन्यांहून लहान असण्याची अट आहे. कायदेशीर प्रक्रियेत मूल दत्तक द्यायला मोकळं होईपर्यंतच अनेकदा तीन महिने उलटतात, म्हणून ही अट सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाली. अर्ज करण्याआधी तिची ताजी स्थिती वकिलाकडून पाहून घ्या, आणि कंपनीच्या धोरणात वयाची मर्यादा जास्त आहे का तेही विचारा. रजा मोजायची ती बाळ ताब्यात दिल्याच्या पत्रावरच्या तारखेपासून. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश येईपर्यंत थांबू नका.

केंद्र सरकारी नोकरीत जून २०२४ पासून सरोगेट आई आणि मूल स्वीकारणारी आई, दोघींनाही १८० दिवस मिळू शकतात, आणि वडिलांना १५ दिवस.

## १०. बाबांची रजा

खासगी क्षेत्रातल्या वडिलांना कायद्याने पितृत्व रजा नाही. नव्या संहितेतही नाही. २०१७ मध्ये हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. हे चूक आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. सिझेरियन झालेल्या बाईला उठवून बसवायला, रात्री बाळ घ्यायला माणूस लागतो, आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये तो माणूस बहुतेक वेळा बाबाच असतो.

तोवर करायचं काय?

कंपनीच्या धोरणात पाहा. बऱ्याच मोठ्या कंपन्या काही दिवस किंवा आठवडे देतात, पण त्यात ‘जन्मापासून इतक्या दिवसांत घ्यायला हवी’ अशी मुदत असते. धोरणच नसेल तर हक्काची रजा जोडा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ तुमच्या ऑफिसला लागू असेल तर वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठते. पाचव्या महिन्यापासून उगाच रजा खर्चू नका. सासूबाई किंवा आई मदतीला येणार असतील तर रजा दोन तुकड्यांत घ्या: एक आठवडा प्रसूतीच्या वेळी, उरलेली मदतीचं माणूस गावी परतल्यावर.

केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस आहेत, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर. बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत न घेतल्यास बुडतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांत पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर पुरुषालाही बालसंगोपन रजा मागता येते.

## ११. परत रुजू होताना

रुजू होण्याच्या महिनाभर आधी एचआरला ईमेल करा. त्यात तीन गोष्टी विचारा.

पाळणाघर: ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. ते अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेलंही चालतं. दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहा: ठिकाण ऑफिसपासून किती मिनिटांवर आहे, किती महिन्यांच्या बाळाला घेतात, संध्याकाळी किती वाजता बंद होतं. साडेसहाला बंद होणारं पाळणाघर आणि सातला सुटणारी शिफ्ट जुळत नाही.

स्तनपान: बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा विश्रांती, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. दूध काढून ठेवायला हिरकणी कक्ष किंवा आतून कडी लागणारी खोली आणि फ्रिज आहे का, हे विचारायला संकोचू नका.

घरून काम: कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने रजेनंतरही घरून काम करता येतं. हा हक्क नसून संमतीचा विषय आहे, म्हणून ‘आठवड्यातून किती दिवस, किती महिने’ हे लिहूनच घ्या.

## १२. नाकारलं, उशीर केला किंवा काढून टाकलं तर

रजेवर असताना नोकरीवरून काढणं, किंवा तुमचं नुकसान होईल अशा सेवाशर्ती बदलणं बेकायदा आहे. पण अनेकदा काढत नाहीत, राजीनामा मागतात: ‘स्वतःहून द्या, रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ.’ राजीनाम्यावर सही झाली की बाजू फार कमकुवत होते. सही करू नका, आणि ते बोलणं झालं त्याच दिवशी ‘आज आपण मला राजीनामा देण्यास सुचवलं, माझी तशी इच्छा नाही’ एवढं ईमेलवर नोंदवून ठेवा.

लाभ नाकारल्याचा किंवा काढून टाकल्याचा आदेश हाती आला तर त्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करायचं असतं. बाळंतपणात ६० दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून ती तारीख घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही लावून ठेवा. पैसे अडवले असतील तर तक्रार निरीक्षक-तथा-सुविधाकाराकडे. जुना ‘निरीक्षक’ आता या नावाने ओळखला जातो. त्याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं.

कुठे जायचं हे ऑफिसच्या पत्त्यावर ठरतं, घराच्या नाही. वागळे, ऐरोली, महापे, वाशी, बेलापूरमधल्या खासगी ऑफिस-दुकानांसाठी ठाणे जिल्ह्याचं कामगार आयुक्तालयाचं कार्यालय. तळोजा, पनवेल, उरणकडे असाल तर रायगड जिल्ह्याचं. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही तक्रारीची प्रत द्या. बँक, विमा कंपनी, बंदर अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी केंद्रीय कामगार यंत्रणा. ईएसआयचे पैसे अडले तर महामंडळाचं शाखा कार्यालय.

तक्रारीसोबत अर्जाची पोच, एचआरचं उत्तर (किंवा उत्तर आलं नाही हे दाखवणारी स्मरणपत्रं), डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, नेमणूकपत्र, सॅलरी स्लिपा आणि बँकेचं विवरणपत्र जोडा. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात चार तारखा लिहा: रुजू झाल्याची, अर्ज दिल्याची, रजा सुरू झाल्याची, प्रसूतीची. स्वतः जाणं शक्य नसेल तर कोणाला तरी अधिकारपत्र देऊन पाठवा, आणि तिथून निघण्याआधी आवक क्रमांक घेतल्याची खात्री करायला सांगा.